फुकटची नोंदणी

चि. पोरी,

परवा फोनवर दुबईची ऑर्डर सांगून झाल्यावर जाता जाता म्हणालीस, "तिथं आपल्या ब्रँडचं नाव, म्हणजे ट्रेडमार्क, नोंदवायचं काम एजंटच करून देतोय काका, फुकट." तेव्हापासून मला चैन नाही.

आमच्याही एजंटनं असंच फुकट करून दिलं होतं. चार वर्षं गोडीगुलाबीत गेली. मग दरावरून बिनसलं, तेव्हा कळलं की आखातात आमच्या टॉवेलचं नाव त्याच्या मालकीचं आहे. कागद रीतसर, शिक्का खरा. पुढचा माल अक्कलकोट रोडच्या गोडाउनमध्ये तयार पडला होता. ऐन दसऱ्यात बायका ब्लेड घेऊन बसल्या आणि एकेका टॉवेलची शिवण उसवून लेबल काढत राहिल्या. वडिलांनी ठेवलेलं नाव पोत्यात भरताना मी पाहिलंय.

तेव्हा तुझा अर्ज कोणीही भरो, 'अर्जदार' या रकान्यात तुझ्या फर्मचंच नाव हवं. करारातही लिहून घे, की नाव तुझं, एजंटला फक्त विक्रीपुरती परवानगी.

आधी इथला, भारतातला ट्रेडमार्कचा अर्ज टाक. नोंदणीसाठी मालाचे वर्ग पाडलेत; टॉवेल-चादरी वर्ग 24 मध्ये येतात; कपडेही विकणार असशील तर वर्ग 25. लघुउद्योगाला ऑनलाइन फी एका वर्गाला 4,500 रुपये, म्हणजे तुझ्या एका सॅम्पल पार्सलच्या कुरिअरएवढी असेल. त्या अर्जाच्या आधारावर माद्रिद प्रोटोकॉल या आंतरराष्ट्रीय करारातून एकाच अर्जात हवे ते देश निवडता येतात. भारत त्यात 2013 साली गेला, अमिराती 2021 च्या अखेरीस. मंजुरी मात्र प्रत्येक देश आपल्या कायद्यानं देतो. आणि पहिल्या पाच वर्षांत इथली नोंद पडली तर त्यावर उभ्या असलेल्या बाहेरच्या नोंदीही पडतात, म्हणून वकील इथलाच चांगला बघ. चीनमधून काही करून घ्यायचा विचार असेल तर तिथं आधी अर्ज करणाऱ्याचं नाव, हे ध्यानात ठेव.

"सोलापुरी चादरीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, आहे की," असं म्हणशील. आहे, टॉवेललाही आहे, पण तो सगळ्या गावाचा, तुझ्या ब्रँडचा नाही. शिवाय ती नोंद भारतातली. इथंच बाहेरगावी विणलेली चादर सोलापुरी म्हणून खपते, तर तिकडचं काय बोलायचं!

आता तुझी ती नवी मोराची बॉर्डर. नक्षी विणणाऱ्या जेकार्ड मागावर चढवलीस का? डिझाइन नोंदवलं नाहीस आणि पन्नासाहून जास्त नग काढलेस, की आपल्याकडे त्यावरचा कॉपीराइटही संपतो. आपला माग पन्नास टॉवेल केव्हाच पाडतो! आणि इन्स्टाग्रामवर टाकलेली, फ्रँकफर्टच्या जत्रेत टांगलेली नक्षी कायद्याला 'नवी' वाटत नाही. म्हणून आधी अर्ज, मग फोटो. इथं अर्ज केल्यापासून सहा महिन्यांत बाहेर केलास तर बहुतेक देशांत इथलीच तारीख धरतात. नावाच्या अर्जालाही तेच.

एजंटनं भरलेल्या फॉर्मचा फोटो आज रात्रीच पाठव. सही केली असशील तरी पाठव, रागावणार नाही. आणि बॉर्डरचं सॅम्पल कोणाकोणाला दाखवलंस, ते आठवून लिहून ठेव. रविवारी कारखान्यावर येशील तेव्हा बघू.

तुझा,
काका