आत्याने निमूट उपचार घेतले, वहिनी मात्र खचली. वयाचा फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की आत्याला ६८व्या वर्षी गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर निघाला, तिने 'देवाची मर्जी' म्हणून निमूट उपचार घेतले. आता ३३ वर्षांच्या वहिनीला तेच निघालंय, शेक (रेडिएशन) सांगितलाय, आणि ती ना धड जेवते ना खोलीबाहेर येते. वर आत्या म्हणते, आजकालच्या पोरींत दमच नाही.

मी पारोळा तालुक्यातली. मला हाच आजार ४६व्या वर्षी निघाला, मुंबईला टाटात उपचार झाले. तेव्हापासून आमच्याकडे कुणाच्या घरी असं काही निघालं की फोन मला येतो. मला तरी दमाचा प्रश्न वाटत नाही. वहिनीचं जे जाणार आहे ते आत्याचं आधीच होऊन गेलं होतं, एवढंच.

ओटीपोटावर शेक बसला की बीजांडकोश काम थांबवतात आणि पाळी जाते. आत्याला त्याचं काय सोयरसुतक? वहिनीला मात्र तिशीतच अंगातून वाफा, रात्र रात्र झोप नाही, उगाच रडू, सगळं एकदम येणार. शिवाय एकच मुलगी आहे म्हणता. दुसऱ्या मुलाचा विषय घरात निघत असेल, तर तो आता कायमचा मिटला हे तिला कुणी सांगायची गरज नाही, तिला ते कळलंय. गाठ अगदी लहान असताना कळलं तर नुसतं तोंड काढून पिशवी राखता येते, पण शेक सांगितलाय म्हणजे बहुधा ती वेळ गेली. वाफा-झोपेचे हे त्रास टळावेत म्हणून बीजांडकोश शेकाच्या टप्प्यातून वर सरकवून ठेवायचं ऑपरेशन काही जणींत करतात. तिच्यात जमेल का, हे शेक सुरू व्हायच्या आत विचारा. नंतर विचारून उपयोग नाही. आणि डॉक्टर 'नाही' म्हणाले तरी ते तिच्यासमोर म्हणू द्या, भावाला बाजूला घेऊन नको.

दुसरं, जे तुम्ही लिहिलं नाही पण माझ्याकडे येणाऱ्या तरुण बायका दार लावून विचारतात. हा आजार एचपीव्ही नावाच्या विषाणूने होतो आणि तो शरीरसंबंधातून येतो, एवढं अर्धवट कुणीतरी मोबाइलवर वाचतं आणि घरात संशय शिरतो. पुढचं वाचत नाहीत. हा विषाणू बहुतेक बायका-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी लागतो, बहुतेकांचा वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. मोजक्या जणींत राहतो आणि त्याचा कॅन्सर व्हायला बहुधा १५-२० वर्षं लागतात. कुणाकडून, कधी आला हे कुणीच सांगू शकत नाही. भावाशी हे तुम्हीच बोला, वहिनीवर टाकू नका. शेकानंतर योनीमार्ग आखडतो, त्यासाठी डायलेटर, म्हणजे तो मोकळा ठेवणारी गुळगुळीत नळी, वापरायला शिकवतात. लाजेपायी हे विचारायचं राहतं आणि मग पुढे तपासणीसुद्धा नकोशी होते. सिस्टरला विचारलं तर त्या नीट सांगतात. ताट-वाटी वेगळी ठेवायचा शहाणपणा कुणी केला तर तिथेच थांबवा, कॅन्सर जेवण्याखाण्यातून लागत नाही.

माझ्या वयाच्या बायकांना रडायला सवड नसते. माझं निदान झालं तेव्हा वावरात कापूस फुटलेला आणि मोठीची सोयरीक चाललेली. म्हणून आधी सगळ्यांनी ठरवलं की बाहेर कुणाला कळू द्यायचं नाही. या वयातल्या बाईला भीती कॅन्सरची कमी, घर कसं चालेल याची जास्त. त्यापायीच काही जणी वेचणीला म्हणून अर्ध्यात निघून येतात. तसं अजिबात करू नये. बाहेरून शेक आठवड्याला पाच दिवस, साधारण पाच आठवडे, सोबत आठवड्याला एक केमो, मग योनीमार्गातून आतला शेक, हे सगळं आठ आठवड्यांच्या आत उरकावं लागतं. मध्ये खंड पडला तर गुण कमी येतो. खर्चाला महात्मा फुले योजना आहे, रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यात त्या योजनेचं काम बघणाऱ्या आरोग्यमित्राला भेटायचं. रेल्वेत पेशंटला स्लीपरचं भाडं माफ असतं, सोबत्याला ७५ टक्के सवलत, दाखला दवाखान्यातून मिळतो. मी स्वतः कोसळले ते सगळं संपल्यावर. केस परत दाट झाले, घरच्यांना वाटलं झालं बरं, आणि मला दर तपासणीच्या आधी घास गिळवेना. हे वहिनीच्या बाबतीतही ध्यानात ठेवा.

आणि आत्या. तिच्या शांतपणावर मी तुमच्याइतका भरवसा ठेवणार नाही. पाळी जाऊन वर्षं झाल्यावर लाल दिसलं तरी म्हाताऱ्या बायका महिनोन्‌महिने अंगावर काढतात, कारण मुलाला सांगायचं कसं? आतून शेक देताना टेबलावर ज्या अवस्थेत झोपवतात, ते तर त्या कुणापाशीच बोलत नाहीत. माझ्या शेजारच्या खाटेवर शिरपूरकडची एक आजी होती. घरच्यांनी तिला 'पोटात अल्सर आहे' सांगितलेलं. रात्री ती मला म्हणाली, "माले समदं मालूम शे. पोऱ्यास्ले सांगू नको." दिवसा तीही शांतच दिसायची. शेकाचे त्रास वर्ष-दोन वर्षांनीही निघतात, संडासातून किंवा लघवीतून रक्त, लघवी न थांबणं. आत्याला घरातल्या एखाद्या बाईने एकटीला गाठून सरळ विचारावं. 'काही नाही गं' म्हणाली तर पुन्हा विचारावं.

आत्याचं उदाहरण वहिनीला देऊ नका. आत्याने तिच्याशेजारी नुसतं बसायचं असेल तर बसू दे, पण उपदेश नको. समुपदेशकाला सांगून तिच्याच वयाची, उपचार पूर्ण झालेली कुणी बोलायला मिळते का बघा. मी आता पन्नाशीपार, तिच्याशी बोलेन जरूर, पण तिला माझी फार गरज नाही.

मुलगी आठ वर्षांची आहे ना? वहिनीच्या डोक्यात 'हिलाही होईल का' हे फिरत असणारच, प्रत्येक आईच्या फिरतं. बीजांडकोशाचा कॅन्सर असता तर घराण्याचा इतिहास बघावा लागला असता. हा तसा आईकडून मुलीकडे रक्तातून जात नाही. या कॅन्सरच्या साधारण ७० टक्के केसेसमागे विषाणूचे १६ आणि १८ हे दोन प्रकार असतात, आणि दोन्हींवर लस आहे. पुण्याच्या सीरमची सर्व्हाव्हॅक २०२३ पासून मिळते. वय ९ ते १४ त्यासाठी सगळ्यात चांगलं. पुढच्या वर्षी नववं पूर्ण झालं की मुलीला घेऊन वहिनीलाच जाऊ द्या.