जीएसटी गोव्यात भरला, म्हणून तो गोव्याचाच का?

प्रश्न : दर महिन्याला गोव्याच्या जीएसटीचा आकडा छापून येतो, आणि बहुतेकदा वाढलेलाच असतो. मग पणजी महापालिकेची पैशांची ओरड का थांबत नाही? शहरात जमलेल्या करातून शहराला काही मिळत नाही का? — एक वाचक, सांतिनेज, पणजी

उत्तर : थेट काहीच मिळत नाही. पणजीतल्या दुकानाने १८ टक्के लावले तर ९ केंद्राचे आणि ९ राज्याचे. महापालिकेचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे घरपट्टी, व्यापार परवान्याचे शुल्क, जाहिरात फलक, पार्किंग आणि बाजारात बसणाऱ्यांकडून घेतला जाणारा सोपो. सोपो बसायच्या जागेचा असतो. भाजीवालीने पाचशेचा धंदा केला काय आणि पाच हजारांचा केला काय, महापालिकेच्या हाती तेवढेच पडते. जकात होती तेव्हा शहरात येणाऱ्या मालाशी पालिकांचा थेट संबंध होता. ती गेली आणि बदल्यात अनुदान आले, म्हणजे बाजारावरची नजर पर्वरीच्या सचिवालयाकडे वळली.

आता छापून येणाऱ्या आकड्याविषयी. महिन्याच्या पहिल्या तारखेला जाहीर होणारा राज्यवार आकडा म्हणजे गोव्यात नोंदणी असलेल्यांनी भरलेला एकूण कर : केंद्राचा, राज्याचा आणि आंतरराज्य, सगळा मिळून. वेर्ण्याच्या कारखान्यातून औषधे नागपूरला गेली तर त्यांवरचा आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) गोव्याच्या खात्यात दिसतो, पण त्यातला राज्याचा वाटा शेवटी महाराष्ट्राला जातो. कारण हा कर माल जिथे बनतो तिथला नाही, जिथे खपतो तिथला. उलट भिवंडीच्या गोदामातून पणजीत घरी आलेल्या मिक्सरचा कर महाराष्ट्राच्या आकड्यात दिसतो आणि राज्याचा वाटा गोव्याला येतो. म्हणून राज्याच्या हाती काय आले हे पाहायचे असेल तर ‘समायोजनानंतरचा राज्य जीएसटी’ हा रकाना बघावा, आणि तोही गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडून. डिसेंबरची तुलना ऑगस्टशी करणे व्यर्थ. पेट्रोल, डिझेल आणि दारू या हिशेबात नाहीतच, त्यांवर अजून व्हॅट आहे. फेणी कितीही खपली तरी जीएसटीचा आकडा जागचा हलत नाही.

आणखी एक खाच आहे. १ जुलै २०१७ पासून पाच वर्षे केंद्र राज्यांना नुकसानभरपाई देत होते. २०१५-१६ चे उत्पन्न पायाभूत धरून दरसाल १४ टक्के वाढीची हमी होती. ३० जून २०२२ ला ती संपली. त्यामुळे आधीची वर्षे नंतरच्या वर्षांशेजारी ठेवताना भरपाई बाजूला काढावी, नाहीतर धंदा बरा चाललेला असूनही उत्पन्न घसरल्यासारखे वाटते.

प्रश्न : आमचे म्हापशात काजूचे दुकान आहे. पुण्या-मुंबईचे पर्यटक बिलावर आपले नाव-पत्ता घालायला सांगतात. त्याने कर बदलतो का? — एक दुकानदार

उत्तर : बदलतो, आणि इथेच पुष्कळजण फसतात. १ ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या ग्राहकाला माल विकताना बिलावर त्याचा जो पत्ता लिहाल, ते पुरवठ्याचे ठिकाण धरले जाते. नुसते राज्याचे नाव असले तरी तो पत्ताच मानतात. पत्ता नसेल तर तुमचे दुकान हेच ठिकाण. म्हणजे १,००० रुपयांच्या काजूवर पत्ता न लिहिता बिल केले तर २५ रुपये केंद्राचा (सीजीएसटी) आणि २५ रुपये राज्याचा (एसजीएसटी), दोन्ही गोव्याच्या ३० या कोडावर. ‘पुणे, महाराष्ट्र’ लिहिले की तेच ५० रुपये आयजीएसटी होतात आणि ठिकाणाचा कोड २७. ग्राहक पिशवी घेऊन तुमच्या समोरून पायी गेला, तरीही.

५०,००० रुपयांच्या आतल्या विक्रीला पत्ता सक्तीचा नाही, पण ग्राहकाने मागितला तर लिहावा लागतो. नुसते नाव आणि मोबाईल नंबर चालत असेल तर तिथेच थांबा. ५०,००० किंवा त्याहून जास्त असेल तर पत्ता आणि राज्य हवेच.

बिलिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घोळ असा होतो की पत्ता पुण्याचा पडतो आणि कर मात्र सीजीएसटी-एसजीएसटी लागतो. अशी परराज्यातली किरकोळ विक्री जीएसटीआर-१ या विक्रीच्या विवरणपत्रात, तक्ता ७ मध्ये राज्यवार भरायची असते; तिथून ती ३बी या कर भरायच्या विवरणपत्राच्या तक्ता ३.२ मध्ये आपोआप उतरते. कोणत्या राज्याला किती द्यायचे हे ३.२ वरून ठरते, म्हणून तक्ता ७ नीट भरा. चुकीच्या प्रकारात कर भरला गेलाच तर योग्य कर भरून चुकीचा परत मागता येतो. योग्य कर भरल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि अशा वेळी व्याज लागत नाही. तुम्ही कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यावसायिकांसाठी उलाढालीवर ठराविक दराने कर भरायची योजना) असाल तर परराज्याचा पत्ता लिहिण्याच्या फंदात मुळीच पडू नका. त्या योजनेत आंतरराज्य विक्रीला मनाई आहे.

प्रश्न : कळंगुटला आमच्या आठ खोल्या आहेत, नोंदणीही आहे. खोलीवरचा कर १२ वरून ५ टक्के झाला. मग सरकारचे उत्पन्न निम्म्याहून कमी झाले असणार ना? आणि आमचा फायदा काय?

उत्तर : तितके कमी होत नाही. फायद्याचे म्हणाल तर कागदावर आकडे मांडून बघा. ५,००० रुपयांची खोली, बुकिंग ॲपचे कमिशन १५ टक्के म्हणजे ७५०, त्यावर १८ टक्क्यांनी १३५ रुपये जीएसटी. पूर्वी पाहुण्याकडून ६०० घेऊन तुम्ही १३५ चे क्रेडिट (खर्चावर आधीच दिलेला कर) वजा करत होता आणि ४६५ भरत होता. ॲपचे १३५ धरून सरकारला ६०० मिळत. २२ सप्टेंबर २०२५ पासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीला ५ टक्के, पण क्रेडिट नाही. तुम्ही २५० भरता, ॲपचे १३५ वेगळे, एकूण ३८५. पाहुण्याचे बिल ३५० ने उतरले, सरकारचे २१५ गेले. मधले १३५ तुमच्या खिशातून गेले. चादरी, लाँड्री, रंगकाम यांवरचा कर आणखी वेगळा. भाडे ठरवताना हा खर्च आता धरायलाच हवा.

नाताळात जपून. तीच खोली एका रात्रीला ९,००० ला दिली तर त्या बिलाला १८ टक्के लागतात, आणि सामायिक खर्चाचे क्रेडिट प्रमाणात वाटून काढावे लागते. शिवाय तुमचे रेस्टॉरंट त्याच आवारात असेल तर पुढच्या आर्थिक वर्षी तिथल्या जेवणालाही ५ ऐवजी १८ टक्के लागतात, मग वर्षभरात एकच खोली ७,५०० च्या वर गेलेली का असेना.

प्रश्न : चवथीला बाजारात पाय ठेवायला जागा नसते, तरी त्या महिन्याचा कर का वाढत नाही? — एक वाचक, डिचोली

उत्तर : माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळा-पानांच्या सजावटीच्या) बाजारात हिंडून बघा : नारळ, सुपारीची शिंपुटी, केळीचे घड, काकड्या, रानातली फळे. बहुतेक सगळे करमुक्त, आणि विकणारे नोंदणीच्या मर्यादेच्या कितीतरी खाली. कपडे, भांडी, मिक्सर यांवर कर असतो, पण दुकानदाराने माल आधीच भरलेला असल्याने त्याचे क्रेडिट वजा होते. शिवाय मासिक ३बी पुढच्या महिन्याच्या २० तारखेपर्यंत भरतात. सप्टेंबरची विक्री ऑक्टोबरच्या जमेत दिसते. मार्चअखेरीची गडबड म्हणूनच एप्रिलच्या आकड्यात फुगून येते.

प्रश्न : बार अँड रेस्टॉरंटला कंपोझिशन घेता येते का? — एक वाचक, फोंडा

उत्तर : नाही. पाच टक्क्यांची ती योजना दारू न देणाऱ्या हॉटेलांसाठी आहे. बारवाल्याने जेवणाचे आणि दारूचे बिल वेगळे ठेवावे. जेवणावर जीएसटी लागतो, दारूवर नाही.