इलेक्ट्रिक बाईकचं चार्जिंग मध्येच थांबतं आणि गाडी 22 टक्क्यांवर बंद पडते, बॅटरी गेली का?

तुम्ही लिहिलंय की गाडी अडीच वर्षांची आहे, 72 व्होल्ट, बॅटरी साधारण 3 युनिटची (म्हणजे 3 किलोवॅट-तास), रात्री चार्जिंगला लावली की कधी फुल होते कधी साठ-पासष्टवर अडकून बसते, आणि चालवताना 22 टक्के दाखवत असतानाच मान टाकते. आणि सर्व्हिसवाल्याने काही न मोजताच बॅटरी बदला म्हणून सांगितलं. मी मेकॅनिक वगैरे नाही, कराडला राहतो, चार वर्षं इलेक्ट्रिक बाईक वापरतोय आणि हे दोन्ही माझ्या गाडीला होऊन गेलंय. मला पण बॅटरी बदलायला 70 हजारांचा आकडा सांगितला होता, कंपनीचं नाव घेत नाही. घाई करू नका, हे एक दुखणं नसून दोन वेगळी असायची शक्यता खूप आहे.

आधी चार्जिंगचं बघू. आठवडाभर एक साधी नोंद ठेवा, चार्जिंग कुठल्या टक्क्याला थांबलं आणि किती वाजता थांबलं. दोन्ही लिहा, सगळी गंमत तिथेच आहे. दरवेळी साधारण त्याच टक्क्याला थांबत असेल तर बॅटरीकडे किंवा तिच्या बीएमएसकडे (सेलवर लक्ष ठेवणारं, गरज पडली की बॅटरी बंद करणारं सर्किट) संशय जातो. टक्के वेगवेगळे पण लावल्यापासून तास-दीड तासानेच थांबत असेल तर चार्जर तापून बंद होतोय, पंखा फिरतो का बघा, आणि चार्जर सीटखाली कोंबून किंवा पोत्यावर ठेवून चार्ज करत असाल तर ते आधी बंद करा. आणि टक्के वेगळे पण घड्याळातली वेळ रोज तीच असेल तर बॅटरीचा काही संबंध नाही, भिंतीकडे बघा.

माझं हे तिसरं होतं. रोज रात्री साडेदहा-पावणेअकराला चार्जिंग बंद, मग 50 टक्के असो नाहीतर 80. मला कळायला तीन आठवडे लागले की त्याच वेळेला आमचे वॉचमनमामा टाकीत पाणी चढवायची मोटर चालू करतात. पार्किंगच्या बोर्डाचा न्यूट्रल ढिला होता, मोटर सुरू झाली की सॉकेटवर 165 व्होल्ट, चार्जर दम सोडायचा आणि व्होल्टेज परत आला तरी आपणहून सुरू व्हायचा नाही. इलेक्ट्रिशियनने स्क्रू आवळला, एक जळकी वायर बदलली, दीडशे रुपये घेतले. खेडेगावात शेतीपंपांच्या वेळेला हे अजून जास्त होतं.

भिंतीचंच अजून एक म्हणजे अर्थिंग. काही चार्जर अर्थिंग नीट नसेल तर चालूच होत नाहीत, किंवा होतात आणि बंद पडतात. आपल्याकडे जुन्या घरांत तिसरं भोक नुसतं शोभेला असतं. इलेक्ट्रिशियनला फेज आणि अर्थिंगमध्ये 100 वॅटचा बल्ब लावून बघायला सांगा, मिणमिणता लागला किंवा लागलाच नाही तर अर्थिंग नाही (घरात ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असेल तर तो पडेल, घाबरू नका). एक्स्टेंशन बोर्ड तर नकोच. चार्जर जेमतेम 800 वॅटचा असतो, साडेतीन अँपिअर, पण सलग चार-पाच तास, त्यामुळे ढिली पिन भाजून निघते. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा, चटका बसत असेल तर सॉकेट बदला. गाडीच्या चार्जिंग पोर्टच्या पिना पण टॉर्च मारून बघा, पावसाळ्यानंतर त्यावर हिरवट थर येतो, काळी पिन असेल तर तिथे ठिणगी पडतेय. आणि मे महिन्यात उन्हातून आल्या आल्या प्लग लावत असाल तर लिथियम पॅक 45 डिग्रीच्या वर गेला की बरेच बीएमएस चार्जिंग घेतच नाहीत, तासभर सावलीत ठेवा मग लावा.

आता 22 टक्क्यांचं. तुमच्या पॅकमध्ये एनएमसी (लिथियम सेलचा एक प्रकार) सेल असतील तर सेलचे 20 ग्रुप एकामागे एक जोडलेले असतात, फुल झाल्यावर प्रत्येक 4.2 व्होल्ट म्हणजे एकूण 84. बीएमएस नुसतं एकूण बघून थांबत नाही, प्रत्येक ग्रुप बघतो. औताला जोडलेल्या बैलांसारखं आहे, एक बसला की औत थांबलं, बाकीचे कितीही धडधाकट असोत. एक ग्रुप कमजोर असेल तर चढाला किंवा थ्रॉटल पिळल्यावर त्याचा व्होल्टेज खाली जातो आणि बीएमएस कट मारतो, स्क्रीनवर बिचारे 22 टक्के तसेच. दहा मिनिटं थांबून परत चालू केली की गाडी हळू हळू चालते का? चालत असेल तर हेच. आणि हाच ग्रुप उलट्या बाजूने, बाकीच्यांच्या पुढे असेल तर चार्जिंगला तो आधी भरतो आणि चार्जिंग लवकर थांबतं. (गाडीत वेगळी 12 व्होल्टची छोटी बॅटरी असेल तर ती पण मोजून घ्या, ती मेली की मोठी बॅटरी फुल असून गाडी ठप्प होते, आणि तिची किंमत मोठीच्या पासंगालाही पुरत नाही.)

पण कधीकधी सेल ठीक असतात आणि टक्क्यांचा हिशोबच चुकलेला असतो. ते ओळखायला प्लगमध्ये लावायचा युनिट मोजणारा मीटर आणा, ऑनलाईन हजाराच्या आत मिळतो, मला विचाराल तर हेल्मेटनंतरची दुसरी खरेदी हीच हवी. गाडी बंद पडली की तिथून 100 पर्यंत एका दमात चार्ज करा आणि भिंतीतून किती युनिट गेले बघा. चार्जरमध्ये 10-15 टक्के उष्णतेत जातात ते धरून, 3 युनिटच्या पॅकला सव्वातीन-साडेतीन युनिट लागले तर बॅटरी ठणठणीत आहे, गाडी खरंच रिकामी झाली होती आणि काटाच खोटं बोलतोय. पावणेतीनच्या आसपास लागले तर 22 टक्के खरोखर आत राहिले होते, म्हणजे एखादा ग्रुप लवकर हात वर करतोय. दोनच्या खाली आलं तर मात्र सगळा पॅकच म्हातारा झालाय, सर्व्हिसवाला बरोबर आहे.

पहिल्या दोन्हीत आधी फुकटचा उपाय करा. 20 ते 80 च ठेवायचं हे सगळीकडे वाचून लोक वर्षभर 100 करतच नाहीत. नियम चुकीचा नाही, सेलचं आयुष्य वाढतं, पण बहुतेक बीएमएस ग्रुप समान करायचं काम फुलच्या जवळ पोचल्यावरच करतात आणि ते पण मुंगीच्या पावलाने. समजा तो 50 मिलिअँपिअरने करतो आणि एका ग्रुपमध्ये 1 अँपिअर-तास जास्त आहे, तर 20 तास लागतात. म्हणून चार-पाच रात्री सलग 100 करून चार्जर काढू नका, सकाळपर्यंत लावून ठेवा. नंतर पंधरवड्यातून एकदा पुरे. सेल एलएफपी (लिथियमचाच दुसरा प्रकार) असतील तर हे अजून महत्त्वाचं कारण त्यांचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळजवळ हलतच नाही आणि टक्क्यांचा अंदाज हमखास भरकटतो.

एक मात्र करू नका. गल्लीतला कोणी बीएमएस बायपास करून डायरेक्ट चार्जर लावून देतो म्हणाला तर गाडी घेऊन निघून या. पार उतरलेल्या सेलमध्ये आतलं तांबं विरघळलेलं असू शकतं, त्यात जबरदस्तीने करंट ढकलला की आत शॉर्ट होतो आणि आग. पोर्टमध्ये मल्टिमीटर घालायचा पण मोह नको, 84 व्होल्ट डीसी म्हणजे खेळ नाही.

एवढं करून फरक पडला नाही तर सर्व्हिस सेंटरला जाऊन बॅटरी गेली की नाही हा वाद घालू नका, ग्रुपवाईज व्होल्टेजचा रिपोर्ट मागा, एकदा फुल चार्जनंतर तासभर थांबून आणि एकदा 25-30 टक्क्यांवर. त्यांच्या लॅपटॉपवर तो दिसतो. 20-30 मिलिव्होल्टचा फरक किरकोळ. माझ्याकडे खालच्या टोकाला एक ग्रुप बाकीच्यांपेक्षा 280 ने खाली होता, उंब्रजहून येताना बंद पडायची ती त्याच्यामुळेच. सेंटरवाला तेव्हाही म्हणाला की वापरामुळे होतं, वॉरंटीत बसत नाही. मी म्हटलं तसं असेल तर तेच, आकड्यासकट, जॉबकार्डवर लिहून शिक्का मारून द्या. तो आत गेला, कोणाला तरी फोन केला, आणि तेराव्या दिवशी पॅक बदलून मिळाला, पैसे शून्य.