वाचक विचारतात: शिकारीची दुर्बीण पक्षी बघायला चालेल का?

प्रश्न: मी नाशिकला गंगापूर रोडला राहते, वय ५४, चष्मा आहे. भाचा कोलोरॅडोत असतो, तिथे मित्रांबरोबर हरणांच्या शिकारीला जातो (घरात कुणालाच ते आवडत नाही, पण असो). दिवाळीला येताना शिकारीवाली १२×५० दुर्बीण आणतो म्हणतोय, "मावशी, बारापट जवळ दिसेल". मला ती नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघायला हवीय. आणू दे का? आणि वर 'हंटिंग' लिहिलेलं बघून फॉरेस्टवाले अडवणार नाहीत ना?

उत्तर: ताई, अडवायचं काही कारण नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी शिकारीला आहे, दुर्बिणीला नाही. 'हंटिंग' म्हणजे बहुतेक वेळा वरून झाडपाल्याच्या नक्षीचं नाहीतर हिरवं रबर, आणि महागड्या मॉडेलात अंतर मोजायचा लेझर, जो तुम्हाला काही कामाचा नाही. बाकी आत काच आणि प्रिझमच. उलट शिकाऱ्यांची एक गरज तुमच्याशी जुळतेच, हरणं पहाटे आणि तिन्हीसांजेला बाहेर पडतात म्हणून त्यांना कमी उजेडात नीट दाखवणारी दुर्बीण लागते, आणि आपल्यालाही थंडीत नांदूरमध्यमेश्वरला चापडगावच्या पक्षी बघायच्या मनोऱ्यावर उजाडताना पोचायचं असतं.

पण १२×५० नको, भाच्याला आजच सांगा. तिकडे लांबच्या डोंगरउतारावर जनावर शोधायला लोक ती ट्रायपॉडवर लावून बसतात, आपण हातात धरली की पक्षी बारापट मोठा आणि हाताची थरथर पण बारापट. ८×४२ मागवा. यातला पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागा, डोळ्यात येणारा उजेडाचा गोल किती मोठा ते कळतं. ८×४२ ला सव्वापाच मिमी, १२×५० ला जेमतेम चार. म्हणजे भिंग मोठं, वजन जास्त आणि पहाटे अंधुक! शिवाय पट वाढली की दिसणारा भाग आकसतो, मग भुर्रकन उडालेलं तलवार बदक शोधेस्तोवर ते पार पलीकडे गेलेलं असतं.

तुम्ही म्हणाल पाणी तर लांबवर पसरलंय, गोदावरी-कादवाच्या संगमावरचा बंधारा तो, वारकरी पक्षी आणि थापट्या बदकं मधोमध बसतात, मग ८ पट कशी पुरणार? खरंय, मनोऱ्यावरून काही पक्षी ठिपक्याएवढेच दिसतात. पण १२ पटीने ते काही हातात येत नाहीत, त्याला ट्रायपॉडवरचा स्कोपच (एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण) लागतो. आणि ऊन चढलं की पाण्यावरची हवा अशी थरथरायला लागते की कितीही पट घ्या, चित्र लहरतच राहतं. हात अगदी स्थिर असेल तर १०×४२ पर्यंत जा, त्यापुढे नाही.

चष्म्यामुळे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा आकडा म्हणजे आय रिलीफ, म्हणजे डोळा भिंगापासून किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते अंतर. तो १६-१७ मिमीच्या खाली नको, नाहीतर कडेने काळी सावली येते आणि माणूस दुर्बिणीला शिव्या घालत बसतो. चष्मा लावून बघताना डोळ्याकडचे रबरी कप आत फिरवून ठेवायचे, बरेच जण ते बाहेरच ठेवतात.

माहितीत 'बॅक-४ प्रिझम' (चांगल्या काचेचा), 'फुल्ली मल्टिकोटेड' (सगळ्या भिंगांवर कोटिंगचे अनेक थर) आणि नायट्रोजन भरलेली (म्हणजे आतून वाफ धरत नाही) वॉटरप्रूफ हे तिन्ही असावं, त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात शेवटचं फार लागतं. सरळ नळीची असेल तर 'फेज कोटिंग' (चित्र स्पष्ट ठेवणारा प्रिझमवरचा थर) पण बघा. भाच्याला म्हणावं दुकानात दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे कर, डोळ्याच्या भिंगात उजेडाचा पूर्ण गोल दिसायला हवा, कडा चौकोनी कापल्यासारख्या दिसल्या तर प्रिझम हलक्या दर्जाचा. पुढची भिंगं लालभडक चमकत असतील तर खाली ठेव. निकॉन मोनार्क एम५ किंवा व्होर्टेक्स डायमंडबॅक एचडी, दोन्हीत ८×४२ मिळते, यातली कुठलीही चालेल. तिकडची वॉरंटी भारतात चालते का ते मात्र बिल करायच्या आधी विचारू दे.

प्रश्न: सिन्नरहून. वडिलांच्या जुन्या दुर्बिणीत पावसाळ्यानंतर आत कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं दिसतंय. घरी खोलून पुसू का?

उत्तर: अजिबात नको. ती बुरशी आहे, आणि खोलताना प्रिझम जरा जरी हलला तर दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दिसतील, मग डोकं दुखणार ते वेगळंच. ऑप्टिकल दुरुस्तीवाल्याला दाखवा, बुरशीने कोटिंग खाल्लं असेल तर खर्च करू नका. पुढची दुर्बीण चामड्याच्या केसमध्ये घालून कपाटात कोंबू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात ओल शोषणाऱ्या, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, पुड्यांचा रंग बदलला की गरम करून परत वापरता येतात.