एक वीत माती

प्रश्न : ताई, नमस्कार. सासवडच्या पुढे माळावर आमची वडिलोपार्जित तीन एकर जमीन आहे. सातबाऱ्यावर निम्मी पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी, अशी लागलेली. निवृत्त झाल्यावर आमराई करायची म्हणून दोन वर्षांपूर्वी केशरची ६० कलमं लावली. टिकाव वीतभर गेला की खणकन वाजतो, म्हणून खड्डे जेसीबीने घेतले, उन्हाळाभर टँकर घातले. यंदा मे अखेर मोजली तर १९ उरली होती. आता एक ठेकेदार म्हणतो, शंभर डंपर काळी माती टाका, जमीन सुधारेल. टाकू का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : टाकू नका. ठेकेदाराला आजच फोन करून नाही सांगा, मग पुढचं वाचा.

आधी एक काम करा. मेलेल्या कलमांपैकी एखादं उपटून त्याची मुळं बघा. बहुतेक ती खड्ड्याच्या भिंतीला लागून गोल फिरलेली दिसतील, कुंडीतल्या झाडासारखी. कातळात जेसीबीने खणलेला खड्डा म्हणजे कुंडीच, तीही तळाला भोक नसलेली. पावसाळ्यात त्यात पाणी तुंबून मुळं कुजतात आणि एप्रिलमध्ये तीच मुळं भाजून निघतात. तुमची मेहनत कमी पडली नाही, टँकरही कमी पडले नाहीत. तेव्हा स्वतःला दोष देऊ नका.

मी तीस वर्षं माती सर्वेक्षणाच्या कामात होते. दिवे घाटाच्या वरच्या अंगाला एका माळावर घेतलेला खड्डा मला अजून लख्ख आठवतो. वरची १८ सेंटिमीटर माती तपकिरी, रवाळ, कुसळी गवताच्या मुळांनी इतकी गच्च विणलेली की ढेकूळ हातात धरून हलवलं तरी सुटत नव्हतं. तिच्यात निम्मे खडे. खाली पिवळट मुरूम, आणि मुरमाच्या फटीत शिरलेली मुळं फितीसारखी चपटी झालेली. एक दगड उलटा केला तर त्याच्या फक्त खालच्या अंगाला चुन्याचं पांढरं पुट. पाऊस चुना विरघळवून खाली नेतो, पण पुढे न्यायला पाणी उरत नाही. ते दगडाखाली सुकतं आणि चुना तिथेच बसतो. लोणावळ्याला वर्षाला ४००० मिलिमीटरच्या वर पाऊस, पुण्यात ७००च्या आसपास, आणि तुमच्या माळावर त्याहूनही कमी. त्या दगडाच्या पोटावर हा सगळा हिशेब उमटलेला होता.

आता पाण्याचा हिशेब करू. निम्मे खडे असलेली १८ सेंटिमीटर माती झाडाला घेता येईल असं १२ ते १५ मिलिमीटर पाणी धरते. ऑक्टोबरच्या उन्हात हिरव्या रानातून रोज चार-पाच मिलिमीटर उडून जातं. म्हणजे पाऊस थांबला की तीन दिवसांत वरची माती रिकामी. भारी काळी जमीन मीटरभर खोलीत १५० ते २०० मिलिमीटर धरते. आंब्याचं कोवळं कलम या तीन दिवसांच्या शिदोरीवर जून गाठणार कसं? गवत गाठतं, कारण ते मे महिन्यात जगायचा हट्टच धरत नाही. दिवाळीपर्यंत बी टाकून ते वरून वाळतं आणि खाली मुठीएवढ्या बुडख्यात जीव राखून बसतं. कुसळीचं बी तळहातावर घेऊन त्यावर थेंबभर पाणी सोडून बघा. त्याच्या शेपटीचा पीळ सुटायला लागतो, बी गरगर फिरतं आणि टोकाने मातीत शिरू पाहतं. वीतभर मातीसाठी याहून नेमकं बियाणं मला ठाऊक नाही.

काळ्या मातीचं म्हणाल, तर ती ओली झाली की फुगते आणि वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यात कोवळी मुळं तुटतात. दरीच्या तळाशी हे चालतं. उतारावर मुरमावर पसरलेला तिचा थर दोन-तीन मोठ्या पावसांत ओढ्याला लागेल. शिवाय ती कुणाच्या तरी चांगल्या शेतातून किंवा ओढ्याकाठून खरवडूनच आणलेली असणार, हेही मला सोसत नाही.

तुमची जमीन बिघडलेली नाही, म्हणून ‘सुधारेल’ हा शब्दच मला खटकतो. खाली तोच काळा पाषाण, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. माथ्यावर तो झिजतो तशी माती पावसाबरोबर खाली उतरते, म्हणून माथ्याला बरड, म्हणजे तुमच्यासारखी उथळ, खडकाळ जमीन, आणि खोलगटात काळी. बरड ही काळीची धाकटी बहीण नव्हे, आई म्हणा हवं तर.

मग करायचं काय? पहार घेऊन सगळी जमीन फिरा. जिथे खणखणते तिथे कातळ, जिथे भसकन रुतते तिथे फुटका मुरूम किंवा मांजऱ्या, म्हणजे ठिसूळ झालेला खडक. रुतेल तिथे दीड फुटी खड्डा घ्या, पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्यांदाचं पाणी दोन तासांत गेलं तर खाली फटी आहेत, तिथे सीताफळ लावा. पुरंदरचं सीताफळ उगाच नावाजलेलं नाही, त्याला मुरूम मानवतो. सकाळपर्यंत पाणी तसंच उभं राहिलं तर खड्डा बुजवून टाका. उरलेली १९ कलमं जगताहेत, म्हणजे त्यांच्याखाली फट आहे, ती ठेवा.

बाकी जमीन गवताला सोडा. पवन्या आणि मारवेल येऊ द्या, बी पडेपर्यंत चराई नको, पेटवणं तर कधीच नको. दिवाळीनंतर कोकणच्या वाटेवरचे धनगर आले तर त्यांच्या मेंढ्या दोन रात्री बसवून घ्या, जमिनीला खत मिळेल. सुपे इथलं मयूरेश्वर अभयारण्य एकदा बघून या. असल्याच माळावर चिंकारा चरताना दिसतील.

प्रश्न : कात्रज घाटात रस्त्याकडेच्या कापलेल्या डोंगरात काळ्या खडकांच्या मधे विटेसारखा लाल पट्टा दिसतो. ती माती आहे का?
— एक वाचक, धनकवडी

उत्तर : होती म्हणा. लाव्हा एकदम आला नाही, थरावर थर आले आणि मधे मोठा काळ गेला. त्या काळात खालच्या थराचा वरचा भाग हवापाण्याने झिजला, लोह गंजून लाल झालं, मग पुढचा लाव्हा त्यावर पसरला. पट्टा नखाने उकरता येतो. पण गाडी थांबवायची तर वळणावर नको.

प्रश्न : आमच्या ओढ्यातली काळी वाळू चुंबकाला चिकटते. का?
— इयत्ता सातवी, वाघोली

उत्तर : शाबास, छान बघितलंस! आपल्या काळ्या पाषाणात मॅग्नेटाइट नावाच्या लोहखनिजाचे बारीक कण असतात. खडक झिजला की ते सुटे होतात. जड असल्यामुळे पाण्याचा जोर कमी होतो तिथे ते मागे राहतात, म्हणून वाळूवर काळ्या रेघा दिसतात. आता टेकडीवरची मूठभर कोरडी माती कागदावर पसर आणि तिच्यातही चुंबक फिरव. चुंबक आधी पातळ पिशवीत गुंडाळ. पिशवी काढली की कण खाली पडतील, नाहीतर खरवडत बसशील. दोन्हीकडचे कण भिंगाखाली बघ आणि टेकडीवरच्या कणांचे कोपरे जास्त टोकदार दिसतात का, ते मला लिहून कळव.