नसेची (मज्जातंतूची) सोनोग्राफी: मशीन घेण्याआधी

निपाणीत दवाखाना टाकतोयस, तर विड्या वळणाऱ्या बायका हाताला मुंग्या येतात म्हणून येणारच. नर्व्ह कंडक्शनसाठी, म्हणजे नसेतून संदेश किती वेगाने जातो ते बघायला, बेळगावला पाठवलंस की तपासणीचे पैसे वेगळे, बसभाडं वेगळं आणि दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. निम्म्या जणी जातच नाहीत. म्हणून नस दवाखान्यातच सोनोग्राफीने बघ, आणि खर्चाचा हिशेब मशीनच्या किमतीवर मांडू नकोस, पेशंटच्या फेऱ्यांवर मांड.

पोटाचा प्रोब (अंगावर टेकवायचा भाग) इथे कामाचा नाही. 12 मेगाहर्ट्झच्या वरचा लिनियर, म्हणजे सरळ तोंडाचा, प्रोब घे. मनगटाच्या घडीपाशी मीडियन नस शोध, मनगटाच्या मधून तळहातात जाते ती. आडव्या छेदात मधाच्या पोळ्यासारखी दिसते. चकाकत्या कडेच्या आतून रेघ मारून क्षेत्रफळ मोज. 10 ते 12 चौरस मिलिमीटरच्या वर गेलं की कार्पल टनेलचा, म्हणजे मनगटात नस दाबली गेल्याचा, संशय घ्यायचा. तीच नस वर, मनगट आणि कोपराच्या मधल्या हातातही मोज. तिथल्यापेक्षा मनगटाशी ती जवळपास दीडपट भरली, तर माझी खात्री पटते. प्रोब मात्र दाबू नकोस, माप चुकतं.

कोपराच्या जरा वर अल्नर नस (कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारी) जाड लागली, तर कुष्ठरोग आठव आणि कातडीवरचे बधिर चट्टे बघ. हे कुणी विसरलं की मला फार वाईट वाटतं, कारण औषध फुकट मिळतं आणि बोटं मात्र वाकडी होऊन बसतात.

नस किती निकामी झाली हे चित्र सांगत नाही. ऑपरेशनचा विषय निघाला किंवा दोन्ही पाय बधिर असले, तर बेळगावला पाठवच.

आणि नसांसाठीच असलं तरी मशीनची पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणारा कायदा) नोंदणी आधी कर.