परदेशात जाऊन तिथल्या माणसांत राहायचं आणि जंगलही पाहायचं आहे. खर्च कमी आणि पासपोर्ट नाही. कुठं जावं?

नेपाळमधल्या चितवनला जा, तिथं राष्ट्रीय उद्यान आहे. मी सिंदेवाही तालुक्यातला, धानाचा शेतकरी. ताडोब्याच्या वाघांच्या जंगलाभोवतीचा पट्टा, म्हणजे बफर, आमच्या बांध्यांना लागूनच आहे. मागच्या फेब्रुवारीत धान विकून झालं आणि आम्ही दोघं भाऊ निघालो.

नागपूरहून रेल्वेने गोरखपूर, पुढं बसने सोनौली, आणि सीमा पायीच ओलांडायची. आपल्याला व्हिसा लागत नाही, मतदार ओळखपत्र चालतं. आपल्या 100 रुपयांचे तिकडं 160 होतात. सीमेपलीकडच्या भैरहव्याहून चितवनची बस मिळते. उद्यानाच्या कडेच्या सौराहा गावात हॉटेलांची रांग आहे, पण तिथं उतरू नका. जवळच्या गावांत थारू लोक घरी पाहुणे ठेवतात. थारू हे तराईतले, म्हणजे डोंगरापायथ्याच्या त्या सपाट पट्ट्यातले जुने रहिवासी. त्यांना हिंदी समजते, त्यामुळं बोलायची अडचण नाही.

आम्ही उतरलो त्या घरच्या दिदी संध्याकाळी ढिकरी करायच्या. तांदळाच्या पिठाचे मासे, पाखरं हातानं वळायची आणि वाफेवर उकडायची. आम्हीही भातखाऊ, त्यामुळं गप्पा धानावरूनच सुरू झाल्या. तिसऱ्या रात्री घरधनी म्हणाले, जागलीला येता का? जागल आम्हाला नवी नाही, रानडुकरांपायी अर्धा हंगाम आम्ही शेतातच झोपतो. त्यांचं मचाणही आमच्यासारखंच, चार खांब, वर तणस, हाताशी पत्र्याचा डबा. मध्यरात्री गव्हातून बैल चरतो तसा आवाज आला, पण कितीतरी जड. टॉर्च मारली तर गेंडा! ओल्या खडकासारखी पाठ, आणि तोंडातून लोंबणारा हिरवा गहू. डबे वाजवले तरी तो सावकाशच गेला. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडं काय येतं? मी वाघाचं सांगितलं, मोह वेचायला गेलेल्या बाईचं सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. त्यांच्या गावातली एक बाई गवताला गेली होती, ती परत आली नाही.

2021 च्या गणनेत नेपाळात 752 गेंडे मोजले, त्यातले 694 एकट्या चितवनमध्ये. उद्यानाच्या उत्पन्नातला 30 ते 50 टक्के वाटा भोवतालच्या गावांच्या कामांसाठी जातो, असा तिथला नियम आहे. हे ऐकल्यावर मी त्यांना खूप प्रश्न विचारले, तुम्हीही विचारा.

दिवसा जंगलात पायी फिरता येतं, ताडोब्यासारखं जिप्सीतच बसून राहावं लागत नाही. सोबत दोन गाईड आणि हातात काठ्या. निघण्याआधी ते बजावतात: गेंडा धावून आला तर वाकडंतिकडं पळा किंवा झाडावर चढा, वाघ दिसला तर पळू नका, नजर न हटवता मागं सरका, अस्वल आलं तर सगळे एकत्र राहा. ते नीट ऐका, जीवाचा प्रश्न आहे. हत्तीवरची सफारी मात्र घेऊ नका. त्या जनावराला माणसाळवण्यासाठी जो त्रास देतात, तो कळला तर तुम्हाला बसवणार नाही.

जानेवारीत गावकरी गवत कापून नेतात, त्यानंतर रान मोकळं दिसतं, म्हणून फेब्रुवारी-मार्च गाठा. आणि एकाच घरी किमान तीन रात्री राहा. पहिल्या रात्री तुम्ही पाहुणेच असता, जागलीला कुणी नेत नाही.